दगड संरक्षित, नाव बेवारस



रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की आरे-वारेचा चढ लागतो. वर पोहोचल्यावर एका अंगाला आरे, दुसऱ्या अंगाला वारे, खाली सुरूची झाडे आणि समोर मोकळा समुद्र. इथे प्रत्येक गाडी थांबते. आमचीही थांबली. आम्ही दहा-बारा कार्यकर्ते रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहून निघालो होतो. पुढे जयगड-तवसाळ फेरीबोट, मग गुहागर, धोपावे-दाभोळ फेरीबोट आणि शेवटी दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी, असा बेत होता. फोटो काढून झाले आणि आमच्यातला सर्वांत लहान, बारावीतला मुलगा म्हणाला, "दादा, राजवाडा ब्रह्मदेशच्या राजाचा, किल्ले महाराजांचे, देवळं त्यांची, हॉटेलं मुंबईवाल्यांची. या किनाऱ्यावर आपलं काय?"

गाडीत कोणी हसले नाही. दाभोळच्या धक्क्यापर्यंत त्या एका प्रश्नावर वाद चालला. कोणी म्हणाले, सगळे आपलेच होते, त्यांनी हिसकावले. कोणी म्हणाले, आधी पोटाचे बघा, दगडांचे नंतर. आम्हाला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. का, ते सविस्तर मांडतो.

समुद्रातली साखळी

आरे-वारेवरून समोर फक्त पाणी दिसते. पण याच किनाऱ्याला लागून उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत बेटांची एक साखळी आहे. उत्तरेला साष्टी. आज तिला कोणी बेट म्हणत नाही, कारण तिच्यावर अर्धी मुंबई उभी आहे. तिच्या पोटात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आणि अंधेरीजवळची कोंडिविटे लेणी. खाडीपलीकडे सोपारा, जिथे सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. मग मुंबई बंदरातली घारापुरी. त्याखाली अलिबागसमोर खांदेरी-उंदेरी, मुरूडला जंजिरा आणि पद्मदुर्ग, हर्णैला सुवर्णदुर्ग, आणि तळाशी मालवणचा सिंधुदुर्ग.

ही सगळी ठिकाणे कागदावर महत्त्वाची आहेत. घारापुरी १९८७ पासून जागतिक वारसा आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे तीन बेटांवरचे किल्ले आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी ही रत्नागिरीतली सात ठिकाणे, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसामळ. यातली उक्षी आणि जांभरूण तर रत्नागिरी तालुक्यातच आहेत.

म्हणजे वारसा कमी नाही. निळे फलक, कुंपणे, तिकिटाच्या खिडक्या यांचीही कमतरता नाही. तरीही त्या मुलाला त्यात आपले काही दिसत नाही. हा त्याचा अडाणीपणा नव्हे. त्याला शाळेत जे शिकवले आणि फलकावर जे लिहिले, त्याचाच हा परिणाम आहे.

संरक्षित म्हणजे नेमके काय?

संविधानाच्या अनुच्छेद ४९ ने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे आणि स्थळांचे रक्षण ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरवली. त्यासाठी १९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष कायदा आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण आहे. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा वाईट नाही. पण तो काय सांभाळतो ते पाहा. तो दगड, हद्द आणि अंतर सांभाळतो. त्या दगडावर कोणाचे नाव कोरले आहे, ते लोकांना वाचता येईल अशा भाषेत सांगितले आहे की नाही, शेजारच्या वस्तीला त्यातून काय मिळते, हे प्रश्न कायद्याच्या कक्षेत फारसे येत नाहीत. तिथे मोकळे रान आहे. आणि मोकळ्या रानात ज्याचा आवाज मोठा, त्याची कथा उभी राहते.

दगड तरी नीट सांभाळले जातात का? संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या अहवालात नोंद आहे की केंद्राच्या यादीतली पन्नास स्मारके जागेवर नाहीत. काही शहरांच्या वाढीत गडप झाली, काही धरणांत बुडाली आणि चोवीस तर शोधूनही सापडत नाहीत. देशातल्या तेव्हाच्या ३,६९३ केंद्रीय स्मारकांपैकी जेमतेम २४८ ठिकाणी पहारेकरी होते. डोंगरातल्या, आडवाटेच्या लेण्यांची गत काय असेल, हे सांगायला समितीची गरज नाही.

आता माणसांचे बघा. घारापुरी १९८७ साली जागतिक वारसा झाली. जगभरचे पर्यटक बोटीने उतरू लागले. त्याच बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या वस्त्यांना कायमची वीज मिळाली २०१८ साली. एकतीस वर्षे जगाचा वारसा उजेडात आणि त्याच्या सावलीतली माणसे अंधारात. मुंबईचे दिवे तिथून नुसत्या डोळ्यांनी दिसतात. याला संरक्षण म्हणायचे असेल तर ते कोणाचे संरक्षण?

आणि नावाचे बघा. घारापुरीला जाणारा माणूस मोठ्या लेण्यातली शिवाची भव्य मूर्ती पाहतो आणि परततो. ती पाहावीच, ती अप्रतिम आहे. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीला अभ्यासक स्तूप टेकडी म्हणतात. तिथे विटांचा बौद्ध स्तूप आहे, लेणी आहेत, पाण्याची टाकी आहेत. शैव लेणी खोदली जाण्याच्या कितीतरी आधी या बेटावर बौद्ध वस्ती होती. किती पर्यटकांची पावले त्या टेकडीकडे वळतात? अंधेरीची कोंडिविटे लेणी बौद्ध आहेत, लोकांच्या तोंडी मात्र नाव महाकालीचे. महाडजवळ गांधारपाल्याची बौद्ध लेणी, लोक म्हणतात पांडवलेणी. पांडवांनी महाराष्ट्रात जितकी लेणी एका रात्रीत खोदली म्हणतात, तितकी खोदायला शेकडो वर्षे आणि हजारो हात लागले. त्या हातांची नावे लेण्यांतच कोरलेली आहेत. लेणी खोदणारे म्हणून पांडवांचे नाव मात्र त्या कोरीव लेखांत कुठेही नाही.

दौलताबादचा हौद

वारसास्थळ आणि आपण, या विषयावर बाबासाहेबांनी स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींमध्ये तो येतो. १९३४ साली चळवळीतले तीसेक सहकारी घेऊन ते वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने भरलेली मंडळी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुऊन आत जायला निघाली, तेवढ्यात हौद बाटवला म्हणून गलका झाला. शिवीगाळ झाली, जमाव जमला. ओरडणारे मुसलमान होते, हे बाबासाहेबांनी मुद्दाम नोंदवले, कारण हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस इतरांनाही अस्पृश्यच असतो हे त्यांना दाखवायचे होते. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली ती एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि ती अट पाळली जाते की नाही हे बघायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला.

ही आठवण आम्ही वारसा-सहलीला जाणाऱ्या प्रत्येक तुकडीला सांगतो. आज शिपाई सोबत येत नाही, तिकीट काढले की दार उघडते. हा बदल आपोआप झालेला नाही. तो चवदार तळ्यापासून संविधानापर्यंतच्या लढ्याचा परिणाम आहे. पण आत गेल्यावर जी कथा ऐकायला मिळते, तिच्यात आजही आपल्याला हात लावू देत नाहीत. दार उघडले, आता कथेचा हौद खुला व्हायचा आहे.

दगडावरची नावे कोणाची?

लेणी म्हणजे राजांची हौस, असा एक समज आहे. राजे-राण्यांची दाने आहेतच. पण शिलालेख वाचले की वेगळेच जग उघडते. कान्हेरीच्या दानलेखांत कल्याण, सोपारा, चेमुल म्हणजे आजचे चौल, नाशिक अशा गावांचे लोक येतात. व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहार आहे, भिक्खुणी आहेत, संसारी स्त्रिया आहेत. कार्ल्याच्या चैत्याच्या दारावर ते दार घडवणाऱ्या सुताराचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचे लिहिले आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांत माळ्याने दिलेले दान आहे.

हे कुडे कुठे आहे? राजपुरी खाडीच्या तोंडावर जंजिरा उभा आहे. तीच खाडी आत जमिनीत शिरते, तिच्या टोकाला कुडे आहे. जंजिरा पाहायला रोज होड्या भरभरून जातात. खाडीच्या टोकावरच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्याने स्वतःचे नाव कोरून ठेवले, ते वाचायला किती जण जातात?

पुढच्या काळात ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, ज्यांना अक्षर शिकण्याची बंदी झाली, त्या श्रमाच्या जगाला एके काळी दगडावर नाव कोरण्याचा मान होता. समतेच्या धम्मात बुरुडाची श्रेणी ही विश्वासाची पेढी होती. बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांती अशी भारतीय इतिहासाची मांडणी केली, तिचा पुरावा असा आपल्या तालुक्यातल्या डोंगरात आहे. म्हणून ही लेणी आपली. आपल्या पूर्वजांनीच ती खोदली असे वंशावळ दाखवून आम्ही म्हणत नाही. ज्या मूल्यांसाठी आपण उभे आहोत, ती मूल्ये या मातीत आधी नांदून गेली याची ही लेखी साक्ष आहे, म्हणून ती आपली.

सोपाऱ्याचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. तिथल्या एका उंचवट्याला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा तो स्तूप निघाला. आत दगडी करंडा, त्यात धातुपात्रे, सोन्याची फुले आणि आठ ब्राँझच्या मूर्ती, होऊन गेलेल्या सात बुद्धांच्या आणि मैत्रेयाच्या. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही त्याच वर्षी हाती आला. नवव्या शिलाशासनाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ साली. त्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली. हा योगायोग आहे, आम्ही त्याला चमत्कार म्हणणार नाही. पण गावाच्या स्मृतीत स्तूप विसरला गेला तरी 'बुरुड' हा शब्द टिकून राहिला, याचा विचार करावासा वाटतो.

रत्नागिरीचा बौद्ध राजा

आता ज्या राजवाड्यापासून आम्ही निघालो होतो, त्याकडे येऊ. १८८५ च्या युद्धात इंग्रजांनी ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत केले, १८८६ पासून रत्नागिरीत ठेवले. १९१० साली तो या राजवाड्यात राहायला आला आणि डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला. त्याची कबर आजही शहरात आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले.

पर्यटक राजवाड्याच्या रंगीत काचा पाहतो, सागवानाचे कौतुक करतो, कैदी राजाची करुण कहाणी ऐकतो. त्याला हे कोणी सांगत नाही की थिबाचा बाप मिंडॉन याने १८७१ साली मंडालेला पाचवी बौद्ध संगीती भरवली होती. त्याने संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. त्या राजाचा मुलगा तीस वर्षे रत्नागिरीत राहिला. याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा तिथे सहावी संगीती चालू होती. रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी त्याच वर्षी २५ डिसेंबरला देहूरोडला बसवली. मंडाले, रत्नागिरी, आंबडवे, रंगून, देहूरोड असा हा धागा आहे. तो ओवून दाखवणारा एक फलक, एक पुस्तिका, एक शाळेचा धडा असायला नको का?

पण इथे स्वतःलाही बजावतो. थिबा बौद्ध होता म्हणून तो संत नव्हता. तो गादीवर आल्यावर १८७९ साली राजघराण्यातल्या भाऊबंदांची कत्तल झाली, हा इतिहास आहे. तोही सांगितला पाहिजे.

किल्ले कोणाचे?

आमच्यातल्या काही तरुणांना वाटते, लेणी आपली आणि किल्ले त्यांचे. ही वाटणी आम्हाला अमान्य आहे. छत्रपती शिवाजी महाराजांची रायगडावरची समाधी झाडाझुडपांतून शोधून काढणारे आणि त्यांच्यावर पोवाडा रचणारे महात्मा फुले होते. खांदेरीचा दुर्ग १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधला जात होता, तेव्हा त्या कामावर मायनाक भंडारी होते आणि आरमाराच्या मदतीला दौलतखान होते. भंडारी, कोळी, गाबीत, मुसलमान दर्यावर्दी यांच्या घामाशिवाय समुद्रात एकही तट उभा राहिला नसता. गडांच्या घेऱ्यातले चौकीपहारे महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड सांभाळत. युनेस्कोच्या यादीत आलेल्या सुवर्णदुर्गाचा अभिमान आम्हालाही आहे. आमची मागणी एवढीच की त्या अभिमानात ही नावे यावीत.

आणि दुसरी मागणी. सुवर्णदुर्ग आणि पन्हाळेकाजी एकाच दापोली तालुक्यात आहेत. एकाला जगाचे मानचित्र मिळाले, चांगले झाले. दुसरे एकोणतीस लेण्यांचे ठिकाण १९७० च्या दशकापर्यंत अभ्यासकांनाही नीट माहीत नव्हते. तिथे आधी स्थविरवादी भिक्खू राहिले, मग वज्रयान आले, अक्षोभ्य बुद्धाच्या मूर्ती घडल्या, पुढे शिलाहारांच्या काळात शैव आणि गाणपत्य पंथ आले, शेवटी नाथपंथी. सन ११३९ चा शिलाहार ताम्रपटही तिथून मिळाला. हजार वर्षांच्या धार्मिक बदलांचा असा सलग पुरावा कोकणात दुसरीकडे सहजी मिळत नाही. आमचे म्हणणे साधे आहे. नंतर आलेल्यांची नावे पुसू नका, आधी असलेल्यांचीही पुसू नका. सगळे क्रमाने लिहा.

कार्ल्याला चैत्यासमोर एकवीरा आहे. तिच्या पायरीवर येणारे कोळी-आगरी बांधव आपले वैरी नाहीत. त्यांची श्रद्धा आणि चैत्याचा इतिहास शेजारी शेजारी नांदू शकतो. भांडण त्यांच्याशी नाही. श्रमकरी जातींना एकमेकांच्या अंगावर घालून इतिहास गिळणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

आपल्याही सवयी तपासू

आता थोडे कडू बोलतो. बुद्धपौर्णिमेला लेण्यांत जाऊन मेणबत्त्या-अगरबत्त्या लावतो, छत काळे होते. मूर्तीला हार घालतो, हळद-तेल लागते. कुठे कुठे भिंतीवर खडूने, रंगाने 'जयभीम' लिहिलेले दिसते. ज्या भिंतीवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराचे नाव आहे, तिच्यावर आपण आपले नाव फासायचे? हे बाबासाहेबांचे नाव घेऊन केले तरी नुकसान ते नुकसानच. कायद्याने तो गुन्हा आहे आणि धम्माच्या दृष्टीने बेजबाबदारपणा.

दुसरी सवय याहून घातक. जुना दगड दिसला की 'बौद्ध' म्हणून मोबाइलवर फिरवायचे. कातळशिल्पे बौद्ध नाहीत. ती बुद्धाच्या हजारो वर्षे आधीची आहेत, शेती यायच्या आधीच्या माणसांनी कोरलेली. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले असंख्य प्राणी, यांना कोणत्याही धर्माचे नाव लावणे म्हणजे पांडवलेणी म्हणणाऱ्यांचीच चूक आपण उलट बाजूने करणे होय. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' लिहिताना आपला सिद्धांत हा सिद्धांत म्हणूनच मांडला, आधार दिले, कुठे पुरावा अपुरा आहे तेही सांगितले. पुराव्यापुढे मान झुकवणे ही आपली परंपरा आहे. एक खोटा दावा पकडला गेला की आपले दहा खरे दावे मातीत जातात.

पोटाचा प्रश्न सोडून?

गाडीतल्या दुसऱ्या मित्राचा आक्षेप राहिला. आधी पोट, मग दगड. आम्ही विचारतो, कोकणात हे दोन वेगळे कधी होते? बाबासाहेबांनी १४ एप्रिल १९२९ ला चिपळूणला शेतकरी परिषद घेतली, १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, जानेवारी १९३८ मध्ये हजारो कुळांचा मोर्चा काढला. जमीन कोणाची हा प्रश्न त्यांनी सोडला नाही, आणि बुद्धही सोडला नाही.

आज सडा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा आला आहे. जिथे कातळशिल्पे आहेत तिथेच चिरेखाणी आहेत, तिथेच रस्ते आणि प्रकल्प येऊ घातले आहेत. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये रिफायनरीविरोधात गावकरी उन्हात झोपले, त्या गावचा सडा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतला आहे. राज्य सरकारने २०२४ मध्ये रत्नागिरीच्या कातळशिल्पांना संरक्षण देण्याचे पाऊल उचलले, ते स्वागतार्हच. पण वारसा झाला की पर्यटन येते आणि पर्यटन आले की जमिनीचा भाव वाढतो. ज्याच्या नावावर सातबारा, तो कमावतो. आपल्या बौद्धवाडीतल्या बहुतेक घरांच्या नावावर किती गुंठे आहेत? उद्या याच सड्यावर रिसॉर्ट झाले तर आपला मुलगा तिथे मालक असेल, वाटाड्या असेल की बशा धुणारा? हा पोटाचाच प्रश्न आहे. उक्षीत गावाने पुढाकार घेतला, हत्तीच्या चित्राभोवती दगडी कठडा उभा राहिला. गाव पुढे आले तर काय होते हे तिथे दिसते. त्या गावकीत आपली वाडी कुठे असते, हे मात्र आपण जिथे राहतो तिथे विचारले पाहिजे.

मग करायचे काय?

मोर्चा लागेल तिथे मोर्चा. बोधगयेच्या महाविहारासाठी १९४९ च्या कायद्याविरुद्ध जो लढा चालू आहे, त्याच्या पाठीशी आम्ही आहोतच. पण गावपातळीवर रोजचे काम वेगळे आहे आणि ते कंटाळवाणे आहे.

धम्मलिपी शिका. पंधरा-वीस रविवार दिले तर अक्षरे वाचता येतात. लेण्यातला एक दानलेख स्वतः वाचलेला मुलगा कोणाच्याही भाषणाला भुलत नाही. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक लेण्याची, शिलालेखाची, कातळशिल्पाची यादी करा, तारीख टाकून फोटो ठेवा आणि दरवर्षी तेच फोटो पुन्हा काढा. झीज झाली की पुरावा तुमच्याकडे असेल. स्मारक संरक्षित यादीत आहे की नाही, हद्द कुठवर आहे, गेल्या पाच वर्षांत देखभालीवर किती खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारा. केंद्र सरकार एखादे स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवायला निघाले की आधी सूचना निघते आणि हरकती-सूचनांना दोन महिने मिळतात. त्या दोन महिन्यांत आपला कागद गेला पाहिजे. नाव चुकीचे असेल, बौद्ध थर गाळलेला असेल, तर आधारासह लिहून द्या. ग्रामसभेत ठराव मांडा. शिवी देऊन नाव बदलत नाही, फाइलवर टिपण गेले तर बदलते.

आणि लेण्यात जाताना मेणबत्तीऐवजी झाडू, वही आणि टॉर्च न्या. वंदना म्हणा, त्रिसरण-पंचशील घ्या, पण दगडाला काही लावू नका.

संध्याकाळी आम्ही पन्हाळेकाजीला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. नदीच्या काठाने एकामागून एक लेणी बघत गेलो. तो मुलगा अक्षोभ्याच्या मूर्तीसमोर बराच वेळ थांबला. मग त्याने वही काढली आणि लेण्याचा क्रमांक, मूर्तीची मुद्रा, दगडाला गेलेली चीर असे टिपत बसला. आरे-वारेवर विचारलेला प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. परतताना एवढेच म्हणाला, "पुढच्या वर्षी ही चीर मोठी झाली का ते मी बघणार."

ज्याने जबाबदारी घेतली, त्याचे ते झाले. आम्हाला या किनाऱ्यावरचे आपले असे काही हवे असेल तर ते या मार्गानेच मिळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!